३५ गुणांचं खापर, डोकं मात्र एकच

तुमचा संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, सडकून हरला आहे. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला असाल तर रविवारची रात्र आहे, पाहुणे तिसऱ्या क्वार्टरनंतर हळूच सटकले आहेत आणि उद्या ऑफिसात या विषयावर चार शब्द बोलावेच लागणार आहेत. पुण्यात असाल तर सोमवारी पहाटे पाचला उठून टीव्हीसमोर बसला होतात आणि घरातलं कुणीही तुमच्या दुःखात सामील होणार नाही. दोन्ही ठिकाणी पहिलं काम एकच. पराभवाची कारणं शोधत बसू नका. माणूस शोधा.

त्यासाठी फार वणवण करावी लागत नाही. अमेरिकन फुटबॉलने ही सोय आधीच करून ठेवली आहे. एका संघाची चढाई करणारी अकरा माणसं वेगळी, बचाव करणारी अकरा वेगळी, किक मारायला तिसरीच टोळी. ही सगळी पलटण हेल्मेटच्या आत. चेहरा दिसतो तो एकाचा, चढाईची सूत्रं हलवणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकचा. पिझ्झाच्या जाहिरातीत तोच असतो. आपल्याकडे गणपती मंडळाचा अध्यक्ष असतो ना, तसं. मांडव कोसळला, जनरेटर बंद पडला, प्रसादाचा शिरा करपला, तरी लोक फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो कुणाचा आहे ते बघतात आणि त्यालाच गाठतात. पद्धत जुनी आहे, बिनखर्चाची आहे. उगाच बदलू नका.

नवशिक्यांनी सरावाला २ फेब्रुवारी २०१४ चा सामना घ्यावा. सिॲटल सीहॉक्स ४३, डेन्व्हर ब्रॉन्कोज ८. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. त्या हंगामात त्याने ५५ टचडाउन पास टाकले होते (टचडाउन म्हणजे चेंडू मैदानाच्या पलीकडच्या टोकात नेऊन केलेले सगळ्यात मोठे गुण), पासवर ५,४७७ यार्ड काढले होते, दोन्ही आकडे लीगचे विक्रम. संघाने १६ सामन्यांत ६०६ गुण केले, तोही विक्रम. पाचव्यांदा त्याला सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला. आणि मग ज्या दिवशी सगळी अमेरिका बघत होती, त्या दिवशी आठ गुण! खापर फोडायला याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

आता थोडं सावध राहा, कारण सामन्याची सुरुवातच अशी झाली की कच्च्या मनाचा माणूस लगेच विचार करायला लागतो.

डेन्व्हरचा पहिलाच डाव. मॅनिंग सेंटरच्या, म्हणजे डाव सुरू करायला चेंडू मागे देणाऱ्या गड्याच्या, काही यार्ड मागे उभा. समोरची रचना बघून त्याला काहीतरी बदलायचं होतं, म्हणून तो हातवारे करत, ओरडत लाइनकडे चालत निघाला. स्टेडियममध्ये ब्याऐंशी हजारांवर माणसं, आणि सिॲटलचे पाठीराखे गोंगाटासाठी प्रसिद्धच. या कालव्यात सेंटर मॅनी रामिरेझला वाटलं, इशारा झाला. त्याने चेंडू पायांमधून मागे सोडला. मॅनिंग अजून चालतोच आहे, मान वळलेली, हात चेंडू घ्यायच्या तयारीत नाहीत. चेंडू त्याच्या डोक्याजवळून सुसाट मागे गेला तो थेट स्वतःच्याच एंड झोनमध्ये, मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात. डेन्व्हरच्याच नोशॉन मोरेनोने धावत जाऊन त्यावर अंग टाकलं, म्हणून सिॲटलला नुसते दोन गुण देऊन भागलं, याला सेफ्टी म्हणतात. सामना सुरू होऊन १२ सेकंद झाली होती. सुपर बोलच्या इतिहासातले सर्वांत झटपट गुण, आणि ते करताना सिॲटलच्या कुणीही चेंडूला हातसुद्धा लावला नव्हता.

इथे तुम्हाला कुणीतरी सांगेल की चेंडू सोडला सेंटरने. दुसरा सांगेल की गोंगाटात इशारा ऐकू येणार नाही हे ओळखून मुक्या खुणांची तयारी करून घेणं कोचिंगचं काम. तिसरा सांगेल की रामिरेझ मुळात गार्ड, त्या हंगामात जखमी सेंटरच्या जागी त्याला मध्ये बसवलेलं. तिघांचंही ऐकून घ्या आणि शांतपणे विचारा: मॅनिंग चालत कशाला होता? एका जागी उभा राहिला असता तर चेंडू निदान अंगावर तरी आपटला असता. या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणजे आहे, तो समोरच्या बचावाप्रमाणे डाव बदलत होता आणि याच सवयीवर त्या हंगामात ६०६ गुण झाले होते. पण हे उत्तर लांबलचक आहे, आणि ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी लांबलचक उत्तर देणारा माणूस हरतो.

यानंतरची सूचना सगळ्यात महत्त्वाची: बेरीज-वजाबाकी करू नका. कागद-पेन्सिल तर अजिबात घेऊ नका.

कारण घेतलीत तर गोत्यात याल. सिॲटलच्या ४३ गुणांपैकी दोन सेंटरने सोडलेल्या त्या चेंडूचे. सेफ्टी दिली की चेंडूही किक मारून समोरच्यालाच द्यायचा असतो, तेव्हा लगेच तीन गुणांचा फील्ड गोल झाला. पुढे आणखी एक फील्ड गोल. मग मॅनिंगचं पहिलं इंटरसेप्शन, म्हणजे पास समोरच्यानेच झेलला, आणि त्यातून मार्शॉन लिंचचा टचडाउन. मग दुसरं इंटरसेप्शन, माल्कम स्मिथने ते ६९ यार्ड पळवत नेलं. मध्यंतर २२-०. मध्यंतरानंतर पहिल्याच किकऑफवर पर्सी हार्विन ८७ यार्ड धावला आणि थेट टचडाउन. त्यालाही १२ सेकंदच लागली, आणि त्या वेळी मॅनिंग बाजूच्या रेषेवर उभा होता. त्यानंतर डेन्व्हरच्या डेमॅरियस थॉमसने मॅनिंगचा चांगला झेललेला पास घेऊन पळताना चेंडू हातातून उडवून घेतला, त्यातून जर्मेन कर्सचा टचडाउन. कर्सला पकडायला डेन्व्हरचे एकामागून एक गडी आले आणि एकामागून एक बाजूला पडले. शेवटी डग बाल्डविनचा टचडाउन, तोवर लोक गाड्या काढायला निघाले होते.

आता दोन्ही इंटरसेप्शनचे मिळून चौदाच्या चौदा गुण मॅनिंगच्या खात्यावर टाका आणि मग ते पुसून टाका. सामना किती झाला? २९-८. एकवीस गुणांनी हार. म्हणजे क्वार्टरबॅकची दोन्ही पापं माफ केली तरी उरलेला संघ व्यवस्थित धुतला जातो. हा हिशेब एकदा डोक्यात शिरला की खापर हातात घेऊन उभं राहायला होतं आणि फोडायला डोकं सापडत नाही. म्हणून म्हटलं, पेन्सिल नको.

इंटरसेप्शनच्या बाबतीत मात्र तुमचा हात वर आहे, तो वरच ठेवा. पहिलं, जे सिॲटलच्या कॅम चॅन्सलरने घेतलं, तो पास खराबच होता, उंच आणि भरकटलेला. तिथे सेंटर नाही, गोंगाट नाही, काही नाही. दुसऱ्याच्या वेळी सिॲटलच्याच क्लिफ ॲव्हरिलने मॅनिंगचा हात हलवला, चेंडू हवेत लटपटत वर गेला आणि स्मिथच्या हातात अलगद उतरला. ॲव्हरिल कुठून आला असं कुणी विचारू लागलं तर विषय बदला. नाहीतर मग क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा गडी, म्हणजे डावा टॅकल, रायन क्लेडी हंगामाच्या सुरुवातीलाच जायबंदी झाला होता, त्याची जागा वर्षभर ख्रिस क्लार्क सांभाळत होता, असली नावं निघतात. जो माणूस टॅकलचं नाव सांगतो त्याला ऑफिसात परत कुणी विचारत नाही.

आकड्यांचं काय करायचं? निवडून घ्यायचे. मॅनिंगने ४९ पैकी ३४ पास पूर्ण केले. हा तेव्हा सुपर बोलचा विक्रम होता. थॉमसने १३ झेल घेतले, तोही विक्रम. हे आकडे दिसले की तुच्छतेने हसा आणि म्हणा, "दोन-दोन यार्डांचे पास हो!" यात तथ्य आहे, म्हणूनच हे जपून वापरा. ४९ प्रयत्नांत २८० यार्ड म्हणजे प्रत्येकी सहा यार्डसुद्धा नाहीत. सिॲटलची युक्ती साधी होती: लांबचे पास बंद करा, जवळचे देऊन टाका आणि ज्याने झेलला त्याला तिथल्या तिथे आडवा करा. मॅनिंगला ती फोडता आली नाही. वर सिॲटलचा बचावपटू रिचर्ड शर्मनने नंतर सांगितलं की मॅनिंगचे काही हातवारे त्यांनी ओळखून काढले होते. तुमच्या भात्यातला हा सर्वांत टोकदार बाण. मारा आणि ताबडतोब निघून जा. थांबलात तर कुणीतरी विचारेल की डेन्व्हरने जमिनीवरून किती यार्ड काढले. २७. अख्ख्या सामन्यात २७. धावण्याची भीतीच नसेल तर बचाव करणारे पासवर डोळा ठेवून बसणारच, एवढं कुणालाही कळतं. म्हणून निघून जा म्हटलं.

हवामानाचा भरवसा मात्र धरू नका. सामन्याआधी दोन आठवडे सगळे तज्ज्ञ थंडीवरच बोलत होते. उघड्यावर, न्यू जर्सीत, फेब्रुवारीत सुपर बोल. मॅनिंगचं वय ३७, मानेवर शस्त्रक्रिया झालेल्या, बोटांत पूर्वीची ताकद नाही, थंडीत त्याचा चेंडू डगमगतो. असं सगळं लिहून तयार होतं. आणि सामन्याच्या वेळी तापमान निघालं जवळपास नऊ अंश सेल्सियस! महाबळेश्वरला डिसेंबरात पर्यटक याहून थंडीत स्ट्रॉबेरी क्रीम खातात. अनेकांचे तयार लेख वाया गेले. त्या संध्याकाळी थंडीचा बंदोबस्त एकट्या जो नेमॅथने केला होता. जुना नामवंत क्वार्टरबॅक, नाणेफेकीला भलामोठा फरचा कोट घालून आला आणि सिॲटलने छापा की काटा सांगायच्या आतच नाणं उडवून मोकळा झाला. ते परत उडवावं लागलं. बघा, चूक झालीच तर तीही क्वार्टरबॅकचीच.

सामना संपल्यावर क्वार्टरबॅकला पत्रकारांसमोर बसवतात. हा विधी चुकवू नका. त्याने मान खाली घातली तर म्हणायचं, नेता असा असतो का? मान वर ठेवली तर म्हणायचं, लाज नाही. मॅनिंगला कुणीतरी विचारलं की हा पराभव लाजिरवाणा होता का. त्याने तो शब्दच झिडकारला, अपमानकारक आहे म्हणाला, आमच्या माणसांनी इथवर यायला कष्ट उपसलेत म्हणाला. हे ऐकून मऊ पडू नका. क्वार्टरबॅक बोलू लागले की कधीकधी खरं बोलून जातात, हा धोका जुना आहे. १९४० साली अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने वॉशिंग्टनला ७३-० असं झोडपलं. सुरुवातीलाच वॉशिंग्टनच्या एकाच्या हातून टचडाउनचा पास निसटला होता. तो झेलला असता तर सामन्याचं चित्र बदललं असतं का, असं वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक सॅमी बॉला विचारलं. हो, ७३-७ झाला असता, असं काहीसं तो म्हणाला. अशा माणसावर खापर कसं फोडणार? तो आपणच पुढे होऊन हसतो.

आता दोन शब्द मॅनिंगभक्तांसाठी. तुम्हीही याच लेखाचे वाचक आहात आणि तुमची पद्धत जरा वेगळी असली तरी मेहनत तेवढीच आहे. तुम्हाला हंगामातल्या ५५ टचडाउनचं श्रेय एकट्या मॅनिंगला द्यायचं आहे आणि ४३-८ मात्र सगळ्यांत वाटून टाकायचा आहे. विजय आपल्या माणसाचा, पराभव समितीचा. यासाठी रामिरेझ, क्लेडी, हार्विनला मोकळा सोडणारे ते सगळे, प्रशिक्षक जॉन फॉक्स, जायबंदी असल्याने न खेळलेला बचावपटू व्हॉन मिलर अशी यादी तोंडपाठ ठेवा. चॅन्सलरचं नाव आलं की पाणी प्यायला उठा. एक मात्र सांभाळा. समोरच्याने विचारलं की ५५ टचडाउनच्या वेळी डावा टॅकल कोण होता, तर प्रामाणिक उत्तर ख्रिस क्लार्क असंच आहे, आणि ते तुमच्या सोयीचं नाही.

खापर फोडण्याच्या कामात डेन्व्हरइतका अनुभवी गाव दुसरा नसेल. मॅनिंगला तिथे आणणारा, संघाचा कारभार बघणारा माणूस होता जॉन एल्वे. म्हणजे त्याच संघाचा जुना क्वार्टरबॅक. त्याने सुपर बोलमध्ये तीनदा मार खाल्ला होता: आधी ३९-२०, मग ४२-१०, आणि जानेवारी १९९० मध्ये ५५-१०. सुपर बोलमध्ये एका संघाने ५५ गुण करण्याचा तो विक्रम आजही तसाच आहे. एल्वे त्या दिवशी २६ पैकी १० पास पूर्ण करून दोन इंटरसेप्शन देऊन बसला, हे कबूल. पण समोर जो मोंटानाने पाच टचडाउन पास टाकले, ते अडवायला एल्वे मैदानात नव्हता. त्यासाठी वेगळी अकरा माणसं होती. त्यातल्या दोघांची नावं आता पटकन सांगा. नाही ना येत? शाब्बास, शिक्षण योग्य दिशेने चाललं आहे.

अशा हरणाऱ्या एल्वेचं पुढे काय झालं? जानेवारी १९९८ मध्ये डेन्व्हरने ग्रीन बेला हरवून सुपर बोल जिंकला. एल्वेने २२ पैकी १२ पास पूर्ण केले, १२३ यार्ड, पासवर एकही टचडाउन नाही, एक इंटरसेप्शन. टेरेल डेव्हिस १५७ यार्ड धावला, त्याने तीन टचडाउन केले. मालक पॅट बोलेन करंडक उंचावून गर्जले की हा जॉनसाठी! सगळं डेन्व्हर रडलं. डेव्हिसला सामनावीराचा किताब दिला होता, ते पुरे झालं.

आता याच मापाने मॅनिंगला मोजू. ४३-८ च्या दिवशी त्याचं पासर रेटिंग ७३.५ होतं. हे रेटिंग शून्यापासून १५८.३ पर्यंत जातं. एवढा विचित्र आकडा का, हे विचारू नका, जन्म जाईल. दोनच वर्षांनी, ७ फेब्रुवारी २०१६ ला, तोच मॅनिंग पुन्हा सुपर बोल खेळला. आता वय ३९. त्या हंगामात नऊ टचडाउन आणि सतरा इंटरसेप्शन, मध्येच जागाही गेलेली. सामन्यात २३ पैकी १३ पास, १४१ यार्ड, एक इंटरसेप्शन, पाच वेळा जमिनीवर. रेटिंग ५६.६. संघाने सगळं मिळून १९४ यार्ड काढले, सुपर बोल जिंकणाऱ्या कुठल्याही संघाने त्याहून कमी काढले नव्हते. निकाल: डेन्व्हर २४, कॅरोलायना १०. व्हॉन मिलरने दोनदा समोरच्या क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू उपटला आणि दोन्ही वेळा त्यातून टचडाउन झाले.

मथळे काय आले असतील ते तुम्ही ओळखलंत. दोन वेगवेगळ्या संघांकडून सुपर बोल जिंकणारा पहिला क्वार्टरबॅक! सर्वांत वयस्कर विजेता क्वार्टरबॅक! ७३.५ वाला नालायक, ५६.६ वाला अनुभवी. यात विसंगती दिसत असेल तर दोष आकड्यांचा समजा. खालच्या दर्जाचा खेळ जिंकल्यावर आपोआप "संयम" होतो. इंटरसेप्शनला "जोखीम" म्हणतात. पाच वेळा आपटला त्याला "जिद्द" म्हणतात.

आणि त्या रात्रीचं खापर? ते वाया गेलं नाही. कॅरोलायनाचा कॅम न्यूटन, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, तयारच होता. मिलर आणि मंडळींनी त्याला सहा वेळा आडवा केला. त्याची लाइन पार चाळणी झाली होती, पण चर्चा झाली ती दोनच गोष्टींची: शेवटाकडे निसटलेल्या चेंडूवर त्याने अंग का टाकलं नाही आणि पत्रकारांसमोरून तो मध्येच उठून का गेला. पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याचं उत्तर देण्यासाठी मात्र तुम्ही हा लेख इथपर्यंत वाचला आहे, एवढंच सांगतो.

एक अवघड प्रकरण राहिलं. समजा क्वार्टरबॅक सामान्य खेळला, संघ दणक्यात जिंकला, आणि तुम्हाला त्याला श्रेय द्यायची मुळीच इच्छा नाही. तेव्हा काय करायचं? जानेवारी २००१ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने न्यूयॉर्क जायंट्सना ३४-७ ने लोळवलं. जायंट्सच्या केरी कॉलिन्सने चार इंटरसेप्शन दिली, त्याच्यावर खापर नियमाप्रमाणे फुटलं. बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर. त्याने २५ पैकी १२ पास पूर्ण केले, म्हणजे आकडे साधारण एल्वेच्या त्या थोर दिवसासारखेच. वर त्याने एक टचडाउन पास टाकला होता आणि इंटरसेप्शन एकही दिलं नव्हतं. पण डिल्फरच्या नावाने कुणी करंडक उंचावला नाही. सगळे एकमुखाने म्हणाले, बचावाने जिंकून दिलं. अकरा जणांचा खेळ आहे हे त्या एका दिवशी सगळ्यांना कळलं होतं.

पुढच्या हंगामासाठी रेव्हन्सने डिल्फरला ठेवलं नाही. एल्विस गर्बाकला आणलं. एका हंगामानंतर तोही गेला.